बरोबर बारा वाजता संपणारे कॉल

आमची कंपनी इंटरनेटवरून फोनसेवा देते. मंगळवारी सकाळी हिशेब विभागाकडून आलेल्या यादीत आठ-आठ, नऊ-नऊ तास चाललेले कॉल दिसले, तेव्हा आमच्या व्यवस्थापकांनी तत्काळ निष्कर्ष काढला, की कोणीतरी पासवर्ड चोरून आमच्या सर्व्हरवरून फोन करत आहे. ही शंका अगदीच निराधार नव्हती. आदल्या दिवसापासून सर्व्हरच्या लॉगमध्ये चुकीच्या पासवर्डच्या नोंदींचा पूर आला होता, आणि इंटरनेट टेलिफोनीतील चोरीची सुरुवात बहुतेक वेळा अशाच पुराने होते.

तरीही यादी नीट वाचल्यावर मला तसे वाटेना. चोरटे सहसा महागड्या परदेशी क्रमांकांवर फोन लावतात. येथे औषध वितरक, कुरिअर कचेरी, जवळचे रुग्णालय असे रोजचेच क्रमांक होते. शिवाय या लांबलेल्या कॉलची सुरुवात वेगवेगळ्या वेळी झालेली असली, तरी शेवट मात्र प्रत्येकाचा रात्री बरोबर बारा वाजता झालेला होता. शहरातल्या सगळ्या भामट्यांनी एकाच ठोक्याला फोन खाली ठेवावा, ही शिस्त जरा जास्तच झाली. बारा वाजता आमची एक स्क्रिप्ट (आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम) चालते आणि ती दिवसभरात उघड्या राहिलेल्या कॉलनोंदी बंद करते. म्हणजे हे कॉल प्रत्यक्षात कधीच संपले असणार. त्यांच्या समाप्तीची नोंद तेवढी सर्व्हरपर्यंत पोहोचली नव्हती.

कॉल जोडण्याचे आणि संपवण्याचे संदेश पुढे पाठवणारा आमचा कमाइलिओ सर्व्हर रेडियस पद्धतीने, म्हणजे वापराच्या नोंदी वेगळ्या हिशेब सर्व्हरकडे पाठवून, हिशेब ठेवतो. पलीकडच्याने फोन उचलला की ‘स्टार्ट’ आणि फोन ठेवताना ‘बाय’ हा संदेश सर्व्हरमधून गेला की ‘स्टॉप’, अशा दोन नोंदी रेडियसकडे जातात. या हिशेबाची चौकट २००० साली आलेल्या आरएफसी २८६६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आहे. मात्र फोनवरचे बोलणे सर्व्हरमधून जात नाही, त्याच्यापुढून जातात ते फक्त संदेश, आणि जो संदेश त्याच्यापुढून गेलाच नाही, त्याची नोंद तो करू शकत नाही.

मी टीसीपीडम्प हे जाळ्यावरून जाणारे संदेश दाखवणारे साधन लावून एका ग्राहकाच्या कचेरीतून कॉल करून पाहिला. कॉल लावणारे ‘इन्व्हाइट’ सर्व्हरमधून गेले, फोन उचलल्याचे ‘२०० ओके’ हे उत्तर त्याच वाटेने परत आले, ‘स्टार्ट’ लिहिले गेले. त्यानंतर ‘अ‍ॅक’ (उत्तर मिळाल्याची पोच) आणि ‘बाय’ फोनकडून थेट गेटवेकडे, म्हणजे कॉल बाहेरच्या टेलिफोन जाळ्यात नेणाऱ्या यंत्राकडे, गेले, सर्व्हरला वळसा घालून. ‘इन्व्हाइट’ पुढे पाठवताना सर्व्हरने त्यात ‘रेकॉर्ड-रूट’ हे शीर्षक घातले, तरच पुढचे संदेश त्याच्यामार्फत जातात. या कॉलमध्ये ते शीर्षकच नव्हते. त्याच वेळी दुसऱ्या कचेरीतून केलेल्या कॉलमध्ये मात्र ते व्यवस्थित होते.

दोघांतला फरक हिशेबाच्या नोंदीतच होता, पण तिकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. लांबलेल्या प्रत्येक कॉलमध्ये वापरकर्त्याच्या नावाचा रकाना रिकामा होता, याचा अर्थ या फोनना पासवर्ड विचारलाच गेला नव्हता. रविवारी आम्ही नव्या यंत्रावर गेलो आणि त्याबरोबर सर्व्हरचे डोमेननावही बदलले. आमच्या डेटाबेसमध्ये पासवर्ड उघडा नसतो. नाव, रेल्म (पासवर्ड कोणत्या सेवेसाठी आहे ते सांगणारे नाव, आमच्याकडे सर्व्हरचे डोमेननावच) आणि पासवर्ड हे तिन्ही एकत्र करून काढलेला एमडी-५ हॅश, म्हणजे गणिती ठसा, तेवढा असतो. नव्या सर्व्हरने आव्हानात, म्हणजे पासवर्ड विचारणाऱ्या संदेशात, नवा रेल्म पाठवला, फोनने त्यावरून उत्तर काढले, आणि जुन्या रेल्मवरून बनलेल्या हॅशशी ते जुळेना. म्हणून जुने ग्राहक ‘४०१’ आणि ‘४०७’ या पुन्हा पासवर्ड मागणाऱ्या उत्तरांच्या फेऱ्यात अडकले, तर रविवारनंतर उघडलेली खाती बिनतक्रार चालली. सोमवारी तक्रारींचा मारा झाल्यावर तांत्रिक पाळीवरच्या सहकाऱ्यांनी काही कचेऱ्यांचे आयपी पत्ते, ज्यांना पासवर्ड विचारला जात नाही अशा विश्वासू यादीत टाकून त्यांचे फोन सुरू करून दिले. त्या घाईला मी दोष देणार नाही, कारण त्यात एक दवाखानाही होता. पण कॉन्फिगरेशनमध्ये विश्वासू यादीची वाट पासवर्ड तपासणीच्या आधीच फुटत होती आणि ‘रेकॉर्ड-रूट’ ची ओळ तपासणीच्या नंतर होती, म्हणून या कचेऱ्यांचे कॉल त्या ओळीपर्यंत पोहोचतच नव्हते.

हॅशवरून पासवर्ड परत काढता येत नाही, आणि सगळ्या ग्राहकांना नवे पासवर्ड देणे त्या दिवशी शक्य नव्हते. सुदैवाने रेल्म आणि सर्व्हरचे नाव एकच असले पाहिजे, असे बंधन सिप या इंटरनेट फोनच्या संदेशप्रणालीत नाही. आव्हानात पुन्हा जुना रेल्म घातला, नव्या मोजक्या खात्यांचे हॅश नव्याने बनवले, आणि फोन एकामागून एक नोंदले जाऊ लागले. ‘रेकॉर्ड-रूट’ ची ओळ दोन्ही वाटा फुटण्याच्या आधी आणली आणि विश्वासू यादी रिकामी केली.

बिलांचे काम जास्त किचकट निघाले. गेटवे स्वतःच्या नोंदी वेगळ्या ठेवतो आणि ‘बाय’ त्याला मिळालेले होते, म्हणून कॉल-आयडी (प्रत्येक कॉलची वेगळी ओळखखूण) जुळवून त्याच्याकडचा खरा कालावधी आमच्या नोंदीत भरला. नऊ तासांच्या कित्येक संभाषणांची दोन-तीन मिनिटे झाली. रात्रीची स्क्रिप्ट आजही चालते, पण उघड्या नोंदीत ती आता कालावधी भरत नाही. अशी नोंद बिलात न जाता तपासणीच्या यादीत जाते.