सभागृह बांधायचं का? आधी वर्षाचा हिशेब मांडा

पाच-सहा हजार वस्तीच्या गावात सभागृहाचा विषय निघतो तो बहुतेक वेळा गरजेमुळे नाही, निधीमुळे. आमदारांच्या स्थानिक विकास निधीतून दहा लाख मिळणार, किंवा ग्रामविकास खात्याच्या '२५१५'मधून (गावातल्या मूलभूत सुविधांच्या निधीचं लेखाशीर्ष) काम बसणार, अशी कुणकुण लागते आणि ग्रामसभेत विषय येतो. "अहो, साहेब देतायत तर घ्या की! आपण नाही म्हटलं तर शेजारच्या गावाला जातील." फुकट ते पौष्टिक. त्यानंतर चर्चा होते ती नाव कोणाचं द्यायचं याची.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक लहान गावांना चार भिंतींचा बंद हॉल नको आहे. त्यांना चांगली स्वच्छतागृहं, भरपूर पाणी, स्वयंपाकाचा ओटा आणि एक मोठं उंच छप्पर हवं आहे. भिंती नंतर बघू.

दहा लाखांपासून सुरुवात करू. अंदाजपत्रक दहा लाखांचं असलं, तरी त्यात १८ टक्के जीएसटी आणि १ टक्का कामगार कल्याण उपकर आत असतो. प्रत्यक्ष बांधकामाला उरतात साधारण ८ लाख ४० हजार. स्लॅबच्या पक्क्या बांधकामाला १,८०० रुपये चौरस फूट दर धरला, तर हाती येतात जेमतेम साडेचारशे चौरस फूट. पंगतीला माणशी वाढप्यांच्या वाटेसकट आठ-नऊ चौरस फूट लागतात. म्हणजे या 'सभागृहात' एका पंगतीला पन्नास माणसं, तीही संडास आणि टाकी न धरता. हेच पैसे पत्र्याच्या उघड्या मंडपात घातले, कोबा आणि छपराला आधार देणाऱ्या लोखंडी कैच्यांसह ८०० रुपये दर धरला, तर हजाराच्या पुढे चौरस फूट मिळतात आणि सव्वाशे माणूस बसतं. दर तालुक्यागणिक बदलेल, पण प्रमाण फारसं हलत नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं, "यंदा दहा घेऊ, पुढच्या वर्षी अजून दहा आणू." सगळ्यात जास्त सभागृहं इथेच फसतात. पहिल्या टप्प्यात जोतं आणि खांब होतात. मग निवडणूक लागते, आचारसंहिता येते, कधी आमदार बदलतात. खांबांच्या डोक्यावर उघड्या सळ्या दोन-तीन पावसाळे भिजतात. पुढचा ठेकेदार गंज न घासता त्यावरच जोड देतो, आणि नेमका तोच सांधा पुढे फुगून काँक्रीट सोडतो. शिवाय दोन टप्प्यांची दोन अंदाजपत्रकं आणि दोन मोजमाप पुस्तिका असल्या की गळती कोणाच्या कामामुळे, हे कोणीच ठरवू शकत नाही. दोष दायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करून द्यायची मुदत, कागदावरच संपून जातो. टप्पे करायचेच असतील, तर प्रत्येक टप्पा एकटा वापरता आला पाहिजे. पहिल्या टप्प्यात स्वच्छतागृह, टाकी आणि ओटा, दुसऱ्यात छप्पर. सळ्या उघड्या राहणारच असतील, तर सिमेंटच्या घट्ट पाण्याचा हात देऊन वर हलकं काँक्रीट भरून झाकून ठेवावं. दोन पोत्यांचं काम आहे, पण ते अंदाजपत्रकात नसतं म्हणून होत नाही.

वित्त आयोगाचे पैसे वळवू, असंही कोणीतरी सुचवतं. १५व्या वित्त आयोगात २०२१-२२पासून ६० टक्के निधी बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेल्या ४० टक्क्यांत दिवाबत्तीपासून गटारापर्यंत सगळं गाव होतं. त्यातून हॉल उभा करायचा म्हणजे दोन-तीन वर्षं बाकी कामांना हात लावायचा नाही.

जागेचं म्हणाल तर गायरानाकडे बोट दाखवणं सोपं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ला गावच्या सामाईक जमिनी राखण्याबद्दल निकाल दिला, त्यापाठोपाठ महाराष्ट्र शासनाचा १२ जुलै २०११चा निर्णय आला. तेव्हापासून गायरान मिळवणं हे पूर्वीसारखं ठरावापुरतं काम राहिलेलं नाही. दुसरी वाट म्हणजे कोणीतरी दानशूर गृहस्थ दोन गुंठे देतो. तो देतो ते नोटरी केलेल्या स्टॅम्प पेपरवर, आणि दहा वर्षांनी त्याचा नातू कुंपण घालतो. स्थावर मालमत्तेचं बक्षीसपत्र दोन साक्षीदारांसह दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच लागतं. नोंदणी, मग सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर ग्रामपंचायतीचं नाव, आणि इमारत झाल्यावर स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत (नमुना २२) नोंद. या क्रमाने झाल्याशिवाय नारळ फोडू नये.

काळ्या मातीच्या गावांनी आणखी एक काम आधी करावं. जागेच्या तीन कोपऱ्यांत जेसीबीने दहा-दहा फूट खड्डे मारून मुरूम कुठे लागतो ते बघावं. अंदाजपत्रकात खोदाई सहसा पाच फूट धरलेली असते. माती आठ फूट निघाली की ठेकेदार म्हणतो, वाढीव काम मंजूर करून आणा. ते येत नाही, पाया मातीतच बसतो, आणि उन्हाळ्यात आकसणाऱ्या, पावसाळ्यात फुगणाऱ्या त्या मातीवर पहिल्याच वर्षी जोत्याला तिरकी चीर जाते. जोतं रस्त्याच्या मध्यापेक्षा दोन फूट उंच घ्या. रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर चढतो, हॉल आहे तिथेच राहतो आणि पाणी आत येऊ लागतं. दोन फुटांच्या जोत्याला चाकाच्या खुर्चीसाठी १:१२चा उतार द्यायचा तर रॅम्प चोवीस फूट लांब लागतो. ठिकठिकाणी आठ फुटांत उरकलेले रॅम्प दिसतात. त्यावरून खुर्ची चढत नाही, मोटारसायकल मात्र चढते.

आता आवाज. यावर कोणीच बोलत नाही, आणि बंद हॉल निकामी होण्याचं मोठं कारण हेच आहे. साठ बाय चाळीस फुटांचा, सोळा फूट उंचीचा हॉल घ्या: खाली फरशी, भोवती प्लॅस्टरच्या भिंती, वर पत्रा किंवा स्लॅब. यातला कुठलाच पृष्ठभाग आवाज पीत नाही. घनफळ साधारण हजार घनमीटर. साबिनच्या सूत्राने (घनफळ आणि आवाज पिणारे पृष्ठभाग यांवरून घुमण्याचा वेळ काढायचं सूत्र) हिशेब केला, तर रिकाम्या हॉलमध्ये आवाज विरायला सात-आठ सेकंद लागतात. दोनशे माणसं बसली की त्यांचे कपडे आणि शरीरं आवाज शोषतात, तो वेळ दोन सेकंदांच्या खाली येतो आणि लग्नाचं काम भागतं. पण ग्रामसभेला येतात चाळीस माणसं. तेव्हा घुमणं चार सेकंदांच्या वर राहतं, एक शब्द संपायच्या आत पुढचे चार त्यावर चढतात. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) विषयपत्रिका वाचतात ती पहिल्या रांगेलाही कळत नाही. मग माईकचा आवाज वाढवतात, त्याने गोंगाट वाढतो. पुढच्या सभेला लोक पुन्हा पारावर.

बोलणं नीट कळायला हा वेळ सेकंदाच्या आसपास हवा. पाठीमागच्या अख्ख्या भिंतीला मागे दोन इंच पोकळी ठेवून लाकडी तंतूंचे बोर्ड ठोकले आणि दोन्ही बाजूंच्या मोठ्या खिडक्या उघडल्या, तर चाळीस माणसांतही घुमणं दोन सेकंदांवर येतं. उघड्या मंडपात हा प्रश्नच फारसा नाही, आवाज बाहेर निघून जातो. अर्थात तो शेजाऱ्यांकडे जातो. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल सांगतात, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. शाळा आणि दवाखान्यापासून १०० मीटर सोडूनच जागा धरा.

उघड्या मंडपाचे दोष लपवण्यात अर्थ नाही. वळवाच्या वादळात वारा खालून शिरून पत्रा उचलतो. म्हणून खांबाचा पाया वजन पेलण्यापुरता चालत नाही, तो उपटला जाऊ नये इतका जड लागतो. पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा, कडेच्या दोन ओळींना स्क्रू दुप्पट, कड चौदा फुटांच्या खाली नको आणि कण्यावर हवा जायला फट. पत्र्यावर पाऊस पडताना भाषण ऐकू येत नाही, याला स्वस्तातला इलाज नाही. आणि रात्री मंडपात कोण बसतं हा प्रश्न गावाने आपापला सोडवायचा.

इमारत कशीही असो, ती लग्नात उघडी पडते. पाचशे माणसांचा स्वयंपाक, भांडी आणि हात धुणं धरून आठ-दहा हजार लिटर पाणी जातं. वर हजार लिटरची एक काळी टाकी असेल, तर अकरा वाजता टँकर शोधायची वेळ येते. शौचालयाची टाकी वीस माणसांच्या हिशेबाने बांधलेली असते. त्यात हात धुण्याचं आणि खरकटं पाणी सोडलं, की लोंढ्याबरोबर गाळ शोषखड्ड्यात जातो आणि खड्डा कायमचा बुजतो. संडासाचं पाणी वेगळं, मोरीचं वेगळं. मोरीच्या वाटेवर तेल अडवणारा छोटा हौद, त्याचं झाकण एका माणसाला उचलता येईल असं. बायकांसाठी निदान चार संडास हवेत. नकाशात सहसा दोन असतात, त्यातल्या एकात मंडपवाल्याच्या खुर्च्या.

विजेचं तेच. हॉलचे पंखे, दिवे आणि पंप मिळून तीन किलोवॅट. लग्नाच्या दिवशी कूलर, फ्रीझर, डीजे आणि फोकस धरून बारा. सिंगल फेजवर हे पन्नासहून जास्त अँपिअर होतात आणि आतली ४ चौरस मिलिमीटरची वायर तीसेकची असते. बोर्ड वितळतो किंवा मंडपवाला खांबावर आकडा टाकतो. बाहेरच्या भिंतीवर तीन फेजचा वेगळा बोर्ड, ३२ अँपिअरचा चार पोलचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा) आणि जनरेटरवर वळवायला चेंजओव्हर स्विच बसवला की हे टळतं. बांधतानाच करावं. नंतर कोणी करत नाही.

आता वर्षाचा हिशेब. २,४०० चौरस फुटांचा पक्का हॉल ४३ लाखांचा धरला, तर डागडुजीला दोन टक्के म्हणजे ८६ हजार. अर्धवेळ राखणदार महिना ४ हजार, वर्षाला ४८. वीज २४. एकूण १ लाख ५८ हजार. भाडं ५ हजार ठेवलं आणि साफसफाईला हजार गेले, तर वर्षाला चाळीस दिवस हॉल भाड्याने गेला पाहिजे. पण आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी लग्नं नाहीत. पुढे मुहूर्त मोजके, आणि दाट तिथीला गावात एकाच दिवशी तीन लग्नं. हॉल मिळतो एकाला, दोघे नाराज. ज्यांची ऐपत आहे ते हायवेवरच्या लॉनवर जातात. माझ्या मते पंधरा-वीस दिवसांच्या वर उत्पन्न धरू नये. उरलेली तूट घरपट्टीतून भरायची तयारी आहे का, हा खरा प्रश्न ग्रामसभेत विचारा. तिथे शांतता पसरली तर उत्तर मिळालं.

"देवळाचा सभामंडप आहे की" हे विरोधकांचं आवडतं वाक्य. त्यात तथ्य आहे. राळेगणसिद्धीत गावाच्या कामाची सुरुवात नवी इमारत बांधून झाली नाही, यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धारापासून झाली आणि गाव तिथेच बसू लागलं. पण प्रत्येक गावात देऊळ सगळ्यांचं नसतं. बौद्ध वस्तीतल्या बाया, मुस्लिम घरं, पाळीच्या दिवसांत बचत गटाच्या बैठकीला न येणाऱ्या ताई यांना देवळाचा सभामंडप कागदावरच खुला असतो. सार्वजनिक इमारतीच्या बाजूने मला पटणारा सगळ्यात भक्कम मुद्दा हा आहे, लग्नाचा नाही. तसं असेल तर बचत गटाला आणि वाचनाला पुरेल अशी तीनशे चौरस फुटांची एक बंद खोली, तिला लागून उघडा मंडप, अशी रचना ठेवा. जात पाहून नकार देणं १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहेच. तरीही "अर्ज आलेल्या क्रमाने, सर्वांना एकच भाडं" हे वाक्य ठरावात अक्षरशः लिहून घ्या, कारण वाद होतो तेव्हा कायदा नाही, ठराव वाचला जातो.

ठराव तहकूब सभेत करू नका. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यात जे कमी असेल ते. ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. लाखोंची इमारत तिथे पंधरा जणांत मंजूर होऊ शकते. त्याच ठरावात अनामत किती (भाड्याइतकी तरी), ती कोणी आणि किती दिवसांत परत करायची, भाडं ग्रामपंचायतीच्या पावतीनेच घ्यायचं, आणि किल्ल्या तीन: एक कार्यालयात, एक बचत गटाच्या ग्रामसंघाकडे, एक राखणदाराकडे. सरपंचांच्या घरी एकही नाही.