एचआयव्हीवरचा सरकारी खर्च आणि खर्चाची शीर्षे

अकरा वर्षे मी पश्चिम महाराष्ट्रातील एका लहान स्वयंसेवी संस्थेचे हिशोब लिहिले. संस्था एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांसाठी काम करीत असे आणि तिचा बहुतेक पैसा सरकारकडून येत असे. त्यामुळे या आजाराशी माझी ओळख दवाखान्यात झाली नाही. ती पावत्या, हजेरीपट आणि उपयोगिता प्रमाणपत्रे, म्हणजे अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचे दाखले, यांतून झाली. डॉक्टरांनी आणि समुपदेशकांनी या विषयावर पुष्कळ लिहिले आहे. सरकारी पैसा कोणत्या शीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कोणत्या खर्चप्रकाराखाली, येतो आणि कशासाठी येतच नाही, हे मात्र खतावणी लिहिणाऱ्यालाच नीट दिसते.

प्रथम सरकारच्या बाजूचे सांगतो, कारण ती बाजू कमी लेखण्यासारखी नाही. भारतात एचआयव्हीची लागण 1986 मध्ये चेन्नईत प्रथम आढळली आणि 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे ‘नाको’, स्थापन होऊन राष्ट्रीय कार्यक्रमाचा पहिला टप्पा सुरू झाला, तो जागतिक बँकेच्या 8 कोटी 40 लाख डॉलरच्या कर्जावर. पुढे 2003 पासून गेट्स फाउंडेशनच्या ‘आवाहन’ प्रकल्पाने महाराष्ट्रासह सहा राज्यांत प्रतिबंधाचे काम उभे केले आणि काही वर्षांनी ते सरकारच्या हवाली केले. आज चित्र पालटलेले आहे. 2021 ते 2026 या पाचव्या टप्प्यासाठी मंजूर झालेले 15,471.94 कोटी रुपये पूर्णपणे केंद्र सरकारचे आहेत. कर्जाच्या पैशावर सुरू झालेला कार्यक्रम तीस वर्षांत स्वतःच्या तिजोरीवर येणे, ही गोष्ट आपल्याकडे वारंवार घडत नाही.

औषधांबाबतही तसेच. सिप्ला कंपनीने 2001 मध्ये तीन औषधांचा उपचार दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ केला, तेव्हा जगभर खळबळ उडाली. पण शेतमजुराच्या घराला तो दरही झेपणारा नव्हता. 1 एप्रिल 2004 रोजी देशातील मोजक्या केंद्रांवर मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणारा औषधोपचार, सुरू झाली, त्यांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. सुरुवातीला रक्तातील सीडी-4 या रोगप्रतिकारक पेशी ठरावीक संख्येच्या खाली गेल्यावाचून औषध मिळत नसे. 2017 पासून ती अट गेली आणि तपासणीत लागण आढळली की उपचार, असे धोरण आले. 2021 च्या अंदाजानुसार देशात सुमारे 24 लाख एचआयव्हीबाधित आहेत, त्यांपैकी चार लाखांच्या जवळपास महाराष्ट्रात. एवढ्या माणसांना आयुष्यभर रोज लागणारी गोळी विनामूल्य पुरवणे हे लहान काम नव्हे. अर्थात त्यातही खंड पडतो. 2022 च्या जुलैत औषधांच्या तुटवड्यामुळे बाधितांनी दिल्लीत ‘नाको’च्या कार्यालयात धरणे धरले आणि ते चाळीस दिवसांहून अधिक चालले. 2017 च्या एचआयव्ही व एड्स कायद्याच्या कलम 14 मध्ये उपचार पुरवण्याचे बंधन ‘शक्य असेल तेथवर’ अशा शब्दांत घातले आहे. ही शब्दयोजना किती महागात पडू शकते, ते त्या धरण्यावरून कळावे.

माझा खरा मुद्दा गोळीच्या पलीकडचा आहे. गोळी सरकार विकत घेते. परंतु ती घेणाऱ्या माणसाला केंद्रापर्यंत आणणे, एखादा महिना चुकला तर घरी जाऊन विचारपूस करणे, नवऱ्यामागे सासरहून बाहेर काढलेल्या बाईला राहायला जागा मिळवून देणे, या कामांचा खर्च बहुतांशी दुसऱ्या कोणावर तरी सोडलेला असतो. ‘विहान’ या नावाने 2013 पासून चाललेली काळजी व आधार केंद्रे ग्लोबल फंड या आंतरराष्ट्रीय निधीच्या पैशावर उभी राहिली. तृतीयपंथीयांसाठीची ‘मित्र’ क्लिनिके अमेरिकी मदतीवर चालत होती. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, तेव्हा आपल्या एआरटी केंद्रांवरील गोळ्या बंद झाल्या नाहीत, पण हैदराबादबरोबरच कल्याण आणि पुण्याची ‘मित्र’ क्लिनिके बंद पडली. कोणता खर्च आपण आपला मानला आणि कोणता मानला नाही, हे त्या एका महिन्यात उघड झाले.

राज्याच्या योजना नाहीत असे नाही, पण त्या घेण्याची किंमत फार मोठी आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्हीबाधितांचा समावेश आहे आणि दरमहा 1,500 रुपये मिळू शकतात. त्यासाठी वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो, म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. एवढ्यावर जगणारे घर मला अकरा वर्षांत दिसले नाही. तेवढ्याचा दाखला घेतलेली घरे मात्र पुष्कळ दिसली. शिवाय आजाराचे प्रमाणपत्र जोडलेला अर्ज तहसील कार्यालयातील खिडकीवर द्यायचा, जिथे कारकून गावचा, शिपाई भावकीतला आणि रांगेत उभा असलेला शेजारी. संमतीशिवाय कोणाची एचआयव्ही स्थिती उघड करू नये असे कायदा सांगतो. खिडकीवर संमती कोणी विचारत नाही, कारण अर्जदाराने स्वतःच कागद पुढे केलेला असतो.

एसटीचेही असेच आहे. एचआयव्हीबाधितांना साध्या गाडीत मोफत प्रवासाची सवलत आहे. आमच्याकडे येणारी एक बाई तरीही दर खेपेस पूर्ण तिकीट काढायची. वाहक तिच्या माहेरच्या गावचा होता. सवलतीचे कार्ड तिने घरात गव्हाच्या डब्यात ठेवले होते आणि ते बाहेर काढायला ती तयार नव्हती. तिला आम्ही तिकिटाचे पैसे देऊ लागलो. एआरटी केंद्राने पुढे तिला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देणे सुरू केले, तेव्हा वर्षाकाठी चारच खेपा उरल्या.

आमच्या क्षेत्रीय कार्यकर्त्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. उपचारातून गळालेल्या रुग्णाला शोधून परत आणणारी तीच माणसे, आणि त्यांतली काही स्वतः बाधित. त्यांचे मानधन अनुदानाच्या हप्त्यावर अवलंबून असे. हप्ता कधी चार महिने, एकदा तर सात महिने उशिरा आला. त्या काळात मी उसनवारीच्या नोंदी इतक्या केल्या की संस्थेचे खाते म्हणजे एखाद्या वाण्याची उधारीची वही वाटावी. दोन कार्यकर्त्यांनी काम सोडले. उशिराचे कारण बहुधा वरच्या कार्यालयातील कागदांचे असे. गतवर्षीचे उपयोगिता प्रमाणपत्र पोहोचल्याशिवाय यंदाचा हप्ता निघत नसे आणि पैसाच उशिरा आला असल्याने ते प्रमाणपत्रही उशिरा जाई. या फेऱ्यात औषधखरेदीला जेवढा धोका असतो, त्याहून अधिक धोका मानधनाला असतो, कारण गोळ्या संपल्या की बातमी होते आणि कार्यकर्ता निघून गेला तर काही महिन्यांनी केवळ रुग्णसंख्येचा आकडा खाली येतो.

त्या बाईच्या तिकिटांसाठी मंजूर अंदाजपत्रकात शीर्ष नव्हते. पहिल्या वर्षी मी ती रक्कम ‘इतर किरकोळ’मध्ये दाखवली. लेखापरीक्षकांनी पेन्सिलीने तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढले आणि लाभार्थीचे नाव मागितले. नाव देता येत नव्हते. मी ती रक्कम कार्यालयीन चहापाण्यात वर्ग केली, आणि तिच्याबद्दल पुन्हा कोणी विचारले नाही.