आमची वाटचाल : मामांच्या डब्यातलं जर्मेनियम

नाशिकला रविवार कारंज्याजवळ मामांचं रेडिओ रिपेअरचं दुकान होतं, ते बंद केलं तेव्हा माळ्यावरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा निघाला. आत जुन्या रेडिओंतून काढलेले ट्रान्झिस्टर, जर्मेनियमचे (सिलिकॉनच्या आधी तेच चालायचं), काळा रंग दिलेले काचेचे ओसी४४ पण. मामा म्हणाले, "ने रे बाबा, भंगारवालाही घेणार नाही." मी तेव्हा अंबडला कंपनीत टेस्टिंगला होतो आणि रात्री गिटार, त्यामुळे मला माहीत होतं की साठच्या दशकातला लंडनचा डॅलस रेंजमास्टर, म्हणजे गिटारचे वरचे सूर उचलून अँपला देणारा ट्रेबल बूस्टर, याच एका ट्रान्झिस्टरवर चालायचा, आणि आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघर तो व्हॉक्स एसी३० अँपच्या पुढे लावायचा. तसाच बूस्टर आम्ही बनवतो.

सर्किट म्हणाल तर पोरखेळ. एक ट्रान्झिस्टर, मोजून सात-आठ पार्ट. इनपुटला ५ नॅनोफॅरडचा छोटा कपॅसिटर, तो बास अडवतो, म्हणून अँपचा आवाज फाटला तरी त्याचा चिखल होत नाही, नोट कशी चिरत बाहेर येते. लोक म्हणतात ट्रेबल बूस्टर म्हणजे कर्कश असणार, अजिबात नाही, गिटारचा व्हॉल्यूम थोडा मागे घेऊन बघा.

मग पहिले दहा पीस जानेवारीत बनवले, विकले, खूश. मे महिन्यात फोन सुरू. "दादा, आवाज गुदमरतोय." नाशिकचा पारा ४० च्या वर आणि जर्मेनियमचं लीकेज (सिग्नल नसतानाही झिरपणारा करंट) साधारण दर १० अंशाला दुप्पट होतं, हे पुस्तकात वाचलेलं, पण ट्रान्झिस्टर दोन बोटांत धरला आणि मीटरवर कलेक्टरचा (ट्रान्झिस्टरच्या आउटपुटच्या पायाचा) व्होल्टेज डोळ्यांदेखत घसरला तेव्हा कळलं! साधा मीटर लीकेजलाच गेन (ट्रान्झिस्टर किती पट वाढवतो ते) समजून दाखवतो, आम्ही त्यावर विश्वास ठेवून बसलो होतो. दहाच्या दहा परत मागवले, कुरिअर आमच्या खिशातून.

आता लीकेज वेगळं मोजतो, ७० ते १०० च्या आसपास गेनचेच घेतो, ट्रिमरने (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) कलेक्टर ७ व्होल्टला आणतो आणि प्रत्येक पीस दुपारी गच्चीवर अर्धा तास ठेवून परत वाजवतो, शेजारच्या काकू वैतागल्यात. बॉक्स सातपूरला वाकवून पावडर कोटिंग करून येतात.

आणि हो, प्लस ग्राउंड आहे (बॅटरीचं प्लस टोक ग्राउंडला, बाकी पेडल्सना सहसा मायनस असतं), म्हणून बाकी पेडल्सच्या अडॅप्टरला जोडू नका, शॉर्ट होईल. एकाने जोडलं, वर आम्हालाच बोलला. ९ व्होल्टची बॅटरीच लावा.

डब्यात चांगले ओसी४४ आता मूठभर उरलेत, म्हणून अ‍ॅडव्हान्स घेत नाही. पीस तयार झाला की आम्हीच फोन करतो.