३१२चे अवयव पाडताना

क्ष² + ११क्ष − ३१२ = ० हे वर्गसमीकरण फळ्यावर आले की बहुतेक मुले १ × ३१२, २ × १५६, ३ × १०४ अशा जोड्या क्रमाने मांडत जातात. या उदाहरणात हवी ती, म्हणजे ११चा फरक असलेली, जोडी सगळ्यात शेवटी, आठव्या ओळीत येते. तोवर धीर सुटतो आणि मुले सूत्राकडे वळतात. खरे तर ३१२कडे जरा निरखून पाहिले तर एवढे लिहावेच लागत नाही.

आधी मूळ अवयव पाडा: २ × २ × २ × ३ × १३. मधल्या पदाचा सहगुणक ११, म्हणजे विषम. दोन संख्यांची बेरीज किंवा वजाबाकी विषम यायची तर एक सम आणि एक विषमच हवी, म्हणून तिन्ही २ एकाच संख्येत गेले पाहिजेत. उरल्या चारच जोड्या: १ × ३१२, ३ × १०४, ८ × ३९, १३ × २४. स्थिर पद ऋण आहे, तेव्हा फरक बघायचा. २४ − १३ = ११. (सहगुणक सम आणि स्थिर पदही सम असेल, तर उलट दोन्ही संख्यांना किमान एक-एक २ द्यावाच लागतो.)

आता मधले पद फोडू: क्ष² + २४क्ष − १३क्ष − ३१२. पहिल्या दोन पदांतून क्ष(क्ष + २४). पुढच्या दोनांतून −१३ सामाईक काढताना कंसात + २४च राहते, कारण −१३ × २४ = −३१२. इथे − २४ लिहिले की दोन कंस जुळत नाहीत आणि गणित अडते. शेवटी (क्ष + २४)(क्ष − १३) = ०, म्हणून मुळे −२४ आणि १३.

जोडी मिळणारच नसेल तर ते आधी कळायला हवे. विवेचक, म्हणजे अक्ष² + बक्ष + क = ० मधला ब² − ४अक, काढा: ११² − ४ × १ × (−३१२) = १२१ + १२४८ = १३६९ = ३७², पूर्ण वर्ग, म्हणून जोडी मिळते. ३१२च्या जागी ३१० असते तर विवेचक १३६१ आला असता. तो पूर्ण वर्ग नाही, मग शोधाशोध व्यर्थ.

क्ष²चा सहगुणक १ नसला की आणखी एक गोष्ट तपासावी लागते. ३क्ष² − १६क्ष − ३५ = ० मध्ये ३ × ३५ = १०५ची जोडी २१ आणि ५. अवयव (क्ष − ७)(३क्ष + ५). अवयव नीट पडले, पण पूर्णांक मूळ फक्त ७, दुसरे −५/३. प्रश्नात वय किंवा माणसांची संख्या विचारली असेल तर ते सोडायचे.

क्ष² = ७क्ष ला क्ष ने भागू नका, ० हे मूळ हरवते.

सर्वात जास्त दिसणारी चूक मात्र वेगळीच. क्ष(क्ष − ३) = १० वरून क्ष = १० किंवा क्ष − ३ = १० लिहिले जाते. गुणाकार शून्य असेल तरच एक अवयव शून्य असतो; १०बाबत असे काही म्हणता येत नाही. पण क्ष पूर्णांक आहे हे ठाऊक असेल तर उजवीकडचा १०ही कामाचा आहे. ३ने फरक असलेल्या १०च्या जोड्या ५ × २ आणि (−२) × (−५). म्हणून क्ष = ५ किंवा −२.

हाच विचार भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘बीजगणिता’त ‘भावित’ प्रकारच्या, म्हणजे अज्ञातांचा गुणाकार असलेल्या, समीकरणांसाठी वापरला आहे. त्यांचे एक उदाहरण आजच्या मांडणीत असे: क्ष × य = ४क्ष + ३य + २. अज्ञाते दोन, समीकरण एकच. अज्ञातांची पदे डावीकडे आणून दोन्ही बाजूंत १२ मिळवले की (क्ष − ३)(य − ४) = १४. १४च्या धन जोड्या १ × १४ आणि २ × ७, दोन्ही क्रमांनी. म्हणून (क्ष, य) = (४, १८), (५, ११), (१०, ६), (१७, ५). ऋण जोड्याही घेतल्या तर आणखी चार पूर्णांक उकली मिळतात: (२, −१०), (१, −३), (−४, २), (−११, ३).