अर्ज त्याचा, कागद आमच्या घरचे

परदेशी व्यक्तीशी लग्न ठरले की नातेवाईक आणि मित्रमंडळी पहिला प्रश्न विचारतात तो त्या व्यक्तीच्या कागदपत्रांचा. माझ्याकडे चौकशीला येणाऱ्या मुली आणि त्यांचे पालकही "त्याने तिकडून काय काय आणायला हवे?" इथूनच सुरुवात करतात. माझा नवरा अर्जेंटिनाच्या मेंदोसा प्रांतातला आहे. द्राक्षे आणि वाइन हाच व्यवसाय असल्यामुळे तो दिंडोरीकडच्या एका वायनरीत नोकरीला आला, आमची ओळख तिथे झाली, लग्न नाशिकमध्ये झाले आणि आम्ही राहतोही नाशिकमध्येच. ह्या सगळ्या प्रवासात माझे एक मत पक्के झाले आहे. व्हिसाच्या अर्जावर नाव परदेशी जोडीदाराचे असते. तपासले जाते ते मात्र भारतीय जोडीदाराचे घर. त्यामुळे त्याच्या कागदांची यादी करण्याआधी आपल्या घरातले कागद एकमेकांशी जुळतात का, हे पाहणे अधिक गरजेचे आहे.

सुरुवात लग्नापासूनच होते. कार्यालयात भटजींनी मंगलाष्टके म्हटली, सप्तपदी झाली, जेवणावळी उठल्या, म्हणजे लग्न झाले असे आपण धरून चालतो. परंतु हिंदू विवाह कायदा दोन्ही पक्ष हिंदू असतील तरच लागू होतो. नवरा कॅथलिक आणि बायको हिंदू असेल, तर त्या विधींना घरात कितीही मोल असले, तरी व्हिसाच्या टेबलावर त्यांचा उपयोग नाही. तिथे चालते ते विशेष विवाह कायदा, १९५४ ह्याखालचे प्रमाणपत्र. ज्या जिल्ह्यात दोघांपैकी निदान एकाचे सलग ३० दिवस वास्तव्य आहे, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. नोटीस लागल्यापासून ३० दिवस हरकतींसाठी थांबावे लागते. आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लागले नाही तर ती नोटीस बाद होते. ही शेवटची अट फारशी कोणाच्या लक्षात राहत नाही. सासरची मंडळी परदेशातून यायची असतील, तर विमानाची तिकिटे ह्या मुदतीकडे पाहूनच काढावीत.

नोटिशीचा कागद कार्यालयाच्या फळ्यावर लागतो आणि तो कोणीही वाचू शकतो. आमचाही लागला. लोखंडी जाळीमागे, एका बाजूला गंजलेल्या टाचणीने अडकवलेला, त्यावर आमची दोघांची नावे, वय, व्यवसाय आणि आमच्या कॉलेज रोडवरच्या घराचा पूर्ण पत्ता. प्रौढ माणसांच्या लग्नाची अशी जाहीर वाच्यता का व्हावी, हे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये अशी नोटीस प्रसिद्ध करणे जोडप्याच्या इच्छेवर ठेवावे असा निर्णय दिला, पण तो उत्तर प्रदेशापुरता. आमच्याकडे हरकत कोणी घेतली नाही, फक्त बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी तो कागद वाचला आणि घरी फोन करून, "अहो, कळवले का नाही?" म्हणून मनापासून रुसवा दाखवला.

परदेशातून आणायच्या कागदांबाबत थोडक्यात सांगते, कारण हा भाग वाटतो तितका कठीण नाही. जन्मदाखला आणि अविवाहित असल्याचा दाखला हे दोन मुख्य कागद. आधीचे लग्न मोडलेले असेल तर घटस्फोटाचा न्यायालयीन आदेश. अर्जेंटिना आणि भारत हे दोन्ही देश अपोस्टिलच्या, म्हणजे एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात खरा धरला जावा म्हणून त्यावर लावायच्या शिक्क्याच्या करारात आहेत, भारत २००५ पासून. त्यामुळे तिकडच्या अधिकृत यंत्रणेने अपोस्टिल केलेला दाखला इथे मान्य होतो. मूळ कागद स्पॅनिशमध्ये असल्याने अधिकृत अनुवादकाचे इंग्रजी भाषांतर सोबत लागले. अविवाहित असल्याचा दाखला फार आधी काढू नये. तो जुना झाला की ताजा आणा म्हणतात आणि मेंदोसातून ताजा दाखला म्हणजे पुन्हा सगळी फेरी.

खरी किचकट गोष्ट निघाली ती नावाची. अर्जेंटिनातल्या पुष्कळ लोकांप्रमाणे माझ्या नवऱ्याची स्वतःची नावे दोन आणि शेवटी आडनाव. आपल्याकडच्या प्रत्येक फॉर्मला मधल्या रकान्यात वडिलांचे नाव हवे असते. विवाह प्रमाणपत्राचा कच्चा मसुदा समोर आला तेव्हा त्यात त्याचे दुसरे नाव गायब होते आणि त्या जागी माझ्या सासऱ्यांचे नाव बसले होते. संगणकावर बसलेल्या बाईंनी आपल्या परीने ते बरोबरच केले होते. त्यांच्या दृष्टीने माणसाचे नाव म्हणजे स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव. सह्या होण्याआधी आम्ही पासपोर्ट पुढे ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून घेतले. ह्यापुढचे प्रत्येक कार्यालय पासपोर्ट आणि विवाह प्रमाणपत्र शेजारी शेजारी ठेवून पाहते, त्यामुळे तिथे घाई करू नये. माझ्या बाबतीत आधार कार्डावर माहेरचे नाव, बँकेत आडनाव आधी आणि पासपोर्टवर नंतर, असा तीन तऱ्हांचा मामला होता. मी लग्नानंतर नाव बदलले नाही आणि त्याचा मला पुढे फायदाच झाला. पासपोर्टवर जोडीदाराचे नाव मात्र मी लगेच चढवून घेतले. तसे केले की पुढच्या टेबलांवरचे प्रश्न बरेच कमी होतात.

लग्नाच्या वेळी तो एम्प्लॉयमेंट व्हिसावर होता. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदारासाठी असतो तो एंट्री व्हिसाचा एक्स-२ हा प्रकार. एका प्रकारचा व्हिसा दुसऱ्या प्रकारात बदलून देण्यास सरकार एरवी तयार नसते, परंतु भारतीय व्यक्तीशी विवाह हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. एक्स-२ हा कुटुंबासोबत राहण्याचा व्हिसा आहे, नोकरीचा नव्हे. म्हणून वायनरीचा करार चालू होता तोवर आम्ही व्हिसाला हात लावला नाही आणि करार संपत आला तेव्हाच बदलाचा अर्ज केला. मधल्या काळात एका एजंटने "हातोहात करून देतो, सगळे मॅनेज होते" असे सांगत चांगली घसघशीत रक्कम मागितली होती. अर्ज ज्या संकेतस्थळावर करायचा, ते ई-एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाचे ऑनलाइन रूप, २०१८ पासून सर्वांना खुले आहे. फॉर्म आपणच भरायचा, कागद आपणच स्कॅन करून चढवायचे, शुल्कही तिथेच भरायचे. एजंट जे करणार होता ते एवढेच.

ह्या अर्जात विवाह प्रमाणपत्राइतकाच महत्त्वाचा असतो तो स्थानिक अहवाल. दोघांची पार्श्वभूमी काय, लग्न खरे आहे का आणि दोघे एकत्र राहतात का, ह्याची खातरजमा करून वर कळवले जाते. नाशिक शहरात हे काम पोलिसांकडून होते. आमच्याकडे एक हवालदार दुपारच्या वेळी आले. साधा वेश, हातात फाइल. आईने चहा ठेवला, तो त्यांनी नको नको म्हणत घेतला. त्यांनी वीजबिल पाहिले, लग्नाचे फोटो पाहिले, कपाटात त्याचे कपडे आहेत का हेही दारातूनच नजर टाकून पाहिले असावे. मग म्हणाले, "ताई, शेजारी कोणाला विचारू?" समोरच्या काकू आधीच दारात उभ्या होत्या. त्यांना प्रश्न पुरा करू देण्याइतका धीर नव्हता. "इथेच राहतात की जावई! रोज पहाटे पळायला जातात आणि येताना आमच्या दुधाच्या पिशव्या आत ठेवतात." हवालदारांनी ते सगळे, दुधाच्या पिशव्यांसकट, लिहून घेतले की नाही हे मला ठाऊक नाही. काकूंची सही मात्र घेतली.

ह्या भेटीची तयारी करता येते आणि करावी. राहत्या घराचा पुरावा परदेशी जोडीदाराच्या नावावर सहसा नसतोच. आमचे घर बाबांच्या नावावर आहे. त्यामुळे बाबांचे संमतिपत्र, त्यांचे ओळखपत्र, घरपट्टीची पावती आणि वीजबिल असा संच आम्ही कायम तयार ठेवला. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी नोंदणीकृत भाडेकरारात दोघांचीही नावे घालून घ्यावीत. नोटरीकडचा साधा करार अनेक घरमालक पुढे करतात, पण ऐनवेळी अधिकारी त्यावरून अडून बसतात. आणखी एक गोष्ट घरमालकांना पटवणे अवघड जाते, ती म्हणजे सी फॉर्म. परदेशी नागरिकाला ज्याने आपल्याकडे राहायला जागा दिली, त्याने २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करायची असते. हा नियम हॉटेलांसाठी आहे असा सार्वत्रिक समज आहे, पण तो खासगी घरांनाही धरतो. बाबांना आपल्याच जावयाची पाहुणा म्हणून नोंद करावी लागली. 'येण्याचे कारण' ह्या रकान्यापाशी ते बराच वेळ थांबले होते. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचे चार जुने कायदे रद्द होऊन एकच नवा कायदा लागू झाला आहे, पण निवास देणाऱ्यावरची ही जबाबदारी संपलेली नाही. व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत स्वतंत्र नोंदणी करायची असते, हेही जोडीदाराला विमानात बसण्याआधी सांगून ठेवावे.

एक्स-२ च्या पुढचा टप्पा ओसीआय कार्डाचा, म्हणजे परदेशी नागरिकत्व ठेवूनच इथे दीर्घकाळ राहण्याची मुभा देणाऱ्या 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्डाचा. नागरिकत्व कायद्याच्या कलम ७अ नुसार भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला हे कार्ड मिळू शकते, मात्र लग्न नोंदवलेले असावे आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षे टिकलेले असावे. जोडीदार स्वतः किंवा त्याचे आईवडील, आजीआजोबा पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक असतील तर हा मार्ग बंद असतो. भारतातून अर्ज केल्यास शुल्क १५,००० रुपये आहे. सुरक्षाविषयक मंजुरी जोडीदाराच्या अर्जात सक्तीची असल्यामुळे आपल्या बाजूने सगळे चोख असले तरी वेळ लागतो आणि त्या काळात एक्स-२ ची मुदत संपू देऊ नये. संकेतस्थळाचा काटेकोरपणा मात्र वाखाणण्याजोगा: फोटो चौरसच हवा, सहीची प्रतिमा लांबी-रुंदीच्या ठरावीक प्रमाणातच हवी. माझ्या नवऱ्याची सही उभट आहे, मेंदोसातल्या वेलींसारखी वर चढणारी. ती आडव्या चौकटीत बसवण्यासाठी त्याला कोऱ्या कागदावर शाळकरी मुलासारखी तालीम करावी लागली.

कार्ड आल्यावर पोलिसांकडची नोंदणी संपली, कामाची मुभा मिळाली आणि व्हिसाच्या मुदतीचे ओझे उतरले. मतदान नाही, हे माहीतच होते. आमच्या घरात खरा प्रश्न निघाला तो जमिनीचा. ज्या माणसाचे सारे आयुष्य द्राक्षबागेत गेले, त्याला नाशिक जिल्ह्यात बागेसाठी एक गुंठाही विकत घेता येत नाही. ओसीआय कार्डधारकाला घर किंवा दुकान घेता येते. शेतजमीन, मळ्याची जमीन आणि फार्महाउस घेता येत नाही. ते बाजूला ठेवले तरी महाराष्ट्रात कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाहीच. वारसाहक्काने मिळालेल्या मालमत्तेचे नियम वेगळे आहेत. पिंपळगावकडे काकांची बाग आहे, तिचा सातबारा काकांच्याच नावावर राहील आणि छाटणीचा सल्ला माझा नवरा देईल, अशी व्यवस्था झाली आहे. काकांना ती फार सोयीची वाटते, कारण सल्ल्याची फी त्यांनी अजून कधी काढलेली नाही.

नागरिकत्वाचा मार्गही कायद्यात आहे. भारतीय नागरिकाशी विवाह झालेल्या व्यक्तीला सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीने, किंवा ओसीआय म्हणून पाच वर्षे झाल्यावर आणि अर्जापूर्वीचे एक वर्ष इथे राहिल्यावर अर्ज करता येतो. परंतु भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे आमच्याकडे तो विषय निघतो आणि फुटबॉलच्या विश्वचषकाच्या वर्षी हमखास मिटतो.

जोडीदाराच्या नात्याने घेतलेले ओसीआय कार्ड लग्नाला बांधलेले असते, हे अर्ज करणाऱ्यांनी आधीच समजून घ्यावे. घटस्फोट झाला तर ते रद्द होऊ शकते. शिवाय २०२१ च्या सुधारणेनंतर नवा पासपोर्ट मिळाला की तीन महिन्यांच्या आत त्याची प्रत आणि ताजा फोटो संकेतस्थळावर चढवायचा असतो, आणि जोडीदाराच्या नात्याने कार्ड घेतलेल्यांनी त्यासोबत आमचे लग्न अद्याप टिकून आहे असे घोषणापत्र व भारतीय जोडीदाराच्या पासपोर्टची प्रतही द्यायची असते. त्याच्या पासपोर्टाची मुदत माझ्या पासपोर्टाच्या थोडी नंतर संपते. त्या वेळी माझाच पासपोर्ट संपलेला निघू नये म्हणून माझे नूतनीकरण आधी करून घ्यायचे ठरवले आहे, आणि पत्त्याच्या पुराव्यासाठी बाबांनी घरपट्टीची नवी पावती आजच फाइलला लावली आहे.