सत्तर जागांचा मेसेज आणि सहा आठवडे

गर्भनिरोधक इंजेक्शनच्या तारखेची आठवण करून देणाऱ्या एसएमएसचं काम माझ्याकडे होतं. यादी, तारखा, मेसेज आपोआप जाण्याची सोय हे सगळं दोन दिवसांत उरकलं. अडलं ते मजकुराच्या मंजुरीवर. तिथे सहा आठवडे गेले!

काम साधं होतं. डीएमपीए हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर 3 महिन्यांनी घ्यायचं असतं, तारीख विसरली जाते, म्हणून आठवडाभर आधी एसएमएस. मी लिहिलं: ‘तारीख जवळ आली. या आठवड्यात ताईंना भेटा.’ अक्षरं, चिन्हं आणि मधल्या मोकळ्या जागा धरून मोजून 39 जागा. ऑफिसने परत पाठवलं, शेरा ‘विषय स्पष्ट नाही.’ मग ‘कुटुंबनियोजन’ घातलं. पुन्हा परत, आता ‘गर्भनिरोधक’ हवं, कार्यक्रमाचं पूर्ण नावही हवं. देवनागरीत एका मेसेजला 70च जागा असतात आणि काना, वेलांटी, अनुस्वार प्रत्येक जण आपली जागा अडवतो. ‘कुटुंबनियोजन’ दिसायला सात अक्षरं, मोजणीत 12. मेसेजचे दोन तुकडे झाले, खर्च दुप्पट. चाचणीत एका बटणांच्या फोनवर दुसरा तुकडा आधी आला, दुसऱ्या फोनवर नुसते चौकोन. (जुन्या फोनवर मराठी उमटतं का, हे सगळ्यात आधी बघा. मी शेवटी बघितलं.)

खरी भीती वेगळीच होती. नोंद बाईच्या नावाने, नंबर नवऱ्याचा आणि मेसेज वाचून दाखवणार मुलगा. घरात न सांगता इंजेक्शन घेणाऱ्या बाईचं काय? चौथ्या खेपेला मी वाद घातलाच नाही. मंजुरी देणाऱ्या साहेबांना हवा होता तोच मजकूर त्यांच्याच नंबरवर पाठवला. फोन टेबलावर उताणा होता. चहा ठेवणाऱ्याने पडद्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. साहेबांनी फोन पालथा घातला. 39 जागांचा मजकूर त्याच दुपारी मंजूर.

नोंदणीतच विचारून घ्या: फोन कोणाकडे असतो, मेसेज हवा की नको, कोणत्या वेळी. ‘नको’ म्हणणाऱ्या बायका असतात. त्यांना तारीख कार्डावर लिहून द्यावी, आग्रह करू नये.

तारीख चुकलेल्यांसाठी दुसरा मेसेजही हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांप्रमाणे 4 आठवड्यांपर्यंत उशीर झाला तरी हे इंजेक्शन देता येतं, पण बायका ‘आता काय उपयोग’ म्हणून येतच नाहीत. त्याचा मजकूर मी पाठवलाय. सध्या त्याच टेबलावर आहे.