सपाटीवरून कात्राबाईच्या खिंडीत: एकट्याच्या रेंज ट्रेकची नोंद

पावसाळ्यापासून ज्याच्यासाठी जिने झिजवत होतो, तो सह्याद्रीतला रेंज ट्रेक, म्हणजे डोंगररांगेतून सलग काही दिवसांची पायपीट, डिसेंबरात झाला. रतनवाडी, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि शेवटी खिरेश्वर. एकट्याने, आणि सगळे मुक्काम गावांत. गुहेत किंवा तंबूत राहायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. हिमालयात किंवा परदेशात दोन दऱ्यांच्या मध्ये ट्रेकरसाठी बांधलेली झोपडी असते. आपल्याकडे ते काम घराची पडवी करते, आणि तिथे भाकरीही गरम मिळते.

तयारीबद्दल बरेच जण विचारतात, म्हणून ते आधी. मी राहतो ते सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे, पण सगळं एका पातळीत. सिद्धेश्वर तलावाला कितीही चकरा मारा, दम वाढतो, मांड्या तयार होत नाहीत. मित्र म्हणायचा, "चढ कुठला आणणार बे इथं?" माझं मत थोडं वेगळं आहे. सपाटीवरचा माणूस चढाला घाबरतो आणि उताराला फसतो. चढताना धाप लागते, तेव्हा थांबता येतं. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलत असतो. त्या कामाची सवय नसेल तर ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठतो, म्हणजे रेंज ट्रेकच्या ऐन मध्यावर. सोय एवढीच की हा मार एकदा बसला की पुढचे काही आठवडे स्नायू तेवढ्याच उताराला कमी कुरकुर करतात.

त्यामुळे एका ओळखीच्या उंच इमारतीत उलटा कार्यक्रम ठेवला: वर जायला लिफ्ट, खाली यायला जिना. दहा मजले म्हणजे अंदाजे ३० मीटर, वीस फेऱ्यांत ६०० मीटर उतार. वॉचमनमामांना पहिल्यांदा वाटलं लिफ्ट खाली येताना बंद पडते. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरायच्या. गुडघा बोलू लागला की वजन ओतून देता येतं. चढाच्या फेऱ्याही केल्या, पण कमी.

मोकळ्या रस्त्यावरचा सराव तुळजापूरचा. कोजागिरीला अख्खं सोलापूर चालत निघतं, तेव्हा ४५ किलोमीटरसाठी सोबत शोधावी लागत नाही, आणि घाट शेवटी येतो, पाय आधीच थकलेले असताना. येडशीच्या रामलिंगलाही जाऊन आलो. हा बालाघाट म्हणजे हरिश्चंद्र-बालाघाट रांगेचं शेपूट. मुंडकं तिकडे नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरात. शाळेच्या भूगोलात ही रांग गोदावरी आणि भीमेचं पाणी वेगळं करते एवढंच पाठ केलेलं, ते या ट्रेकमध्ये पायाखाली आलं.

सामानाचं थोडक्यात. सोलापुरी चादर घरीच ठेवली. माफ करा, पण सुती जड चादर दव पिते आणि वाळत नाही. हलकी स्लीपिंग बॅग घेतली. खाण्यात मात्र गाव सोडलं नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांना ट्रेकचं खाणं म्हणून तोड नाही: शिजवायचं नाही, खराब होत नाही, वजन नाही. फक्त स्टीलच्या डब्यात भरा, नाहीतर सॅकच्या तळाशी चुराच मिळेल. तोही चहात चालतो म्हणा.

सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे, तिथून एसटीने संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडी आणि जीपने रतनवाडी. या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, दिवस जातो.

रतनगड (१२९७ मीटर) सॅक न घेता केला. शिड्या, गणेश दरवाजा, नेढं (कातळातलं आरपार भोक), सगळं नेहमीचं. नेढ्यात वारा असा की टोपी हातात धरावी लागते. गड आणि खिंड एकाच दिवसात उरकणारे आहेत. एकट्याने ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण खिंडीनंतरची उतराई उजेडात व्हायला हवी. खाली अमृतेश्वराच्या मंदिरात बराच वेळ बसलो. प्रवरा याच गडाच्या कुशीतून निघते आणि लगेच भंडारदऱ्याच्या जलाशयात शिरते. ते धरण १९२६ साली पुरं झालं.

दुसऱ्या सकाळी उजाडायच्या आत निघालो. जंगलात गडाच्या शिडीकडे जाणारी आणि खिंडीकडे जाणारी वाट फुटते, तिथपर्यंत रस्ता ओळखीचा होता. पुढे कारवी, झाडी आणि ढोरवाटा. ढोरवाट ओळखायची माझी खूण अशी: जमिनीवर वाट छान मळलेली दिसते, पण छातीच्या वर फांद्या आडव्या येतात. गुराला तेवढीच उंची लागते. माणसाच्या वाटेवर डोक्यापर्यंत कोयता चाललेला असतो. मोबाईलमध्ये ट्रॅक होता, पण गर्द झाडीत तो बाण कधी डावीकडे, कधी उजवीकडे उड्या मारतो. एकट्यासाठी नियम साधा ठेवला होता: दहा मिनिटं खात्रीची खूण दिसली नाही, तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे. एकदा तसं मागे यावं लागलं, वेळ गेला, पण घड्याळात तो वेळ आधीच धरलेला होता.

घड्याळाचा हिशोब नाइस्मिथच्या नियमावर करतो. १८९२ चा हा स्कॉटिश नियम: ५ किलोमीटरला एक तास, वर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे १२ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर जेमतेम साडेतीन तास. सह्याद्रीत सॅक घेऊन मी त्याची दुप्पट करतो. वाट चुकणं, फोटो, पाणी भरणं सगळं त्यात बसतं.

खिंडीत पोचलो आणि बॅग टाकून उभाच राहिलो. मागे प्रवरेचं खोरं, पुढे मुळेचं. पुढे-मागे काही पावलं सरकलं की पाऊस वेगळ्या नदीला जातो. या दोघी पुढे नेवाशाकडे भेटतात, पण इथे त्यांच्यात हा एवढा डोंगर. समोर मुळेच्या खोऱ्यापलीकडे हरिश्चंद्रगडाचं प्रचंड धूड, उजवीकडे आजोबाचा डोंगर. सोलापुरात नजर क्षितिजापर्यंत जाते आणि तिथे काही नसतं. इथे ती सारखी अडते.

खिंडीची उतराई खडी आहे, घसाऱ्याची आहे, आणि लिफ्टवाल्या सरावाचे पैसे इथे वसूल झाले. काठ्या दोन घ्या, एक नको. उतारावर त्या थोड्या लांब करा.

एक गोष्ट सपाटीवरच्या लोकांनी लक्षात ठेवावी. पंचांगाप्रमाणे इकडचा सूर्यास्त सोलापूरपेक्षा काही मिनिटं उशिरा आहे, पण दरीत सूर्य त्याच्या बराच आधी डोंगराआड जातो. आपल्याकडे दिवस शेवटच्या किरणापर्यंत वापरता येतो. तिथे दुपारी चारलाच थंडी पडू लागते. मी तीनच्या सुमारास कुमशेतमध्ये होतो.

ज्या घरी उतरलो तिथल्या आजींनी पहिला प्रश्न टाकला, "एकलाच?" मी हो म्हटल्यावर त्यांनी मागच्या वाटेकडे पाहून घेतलं, कुणी मागे राहिलं नाही ना याची खात्री करायला. "सोलापूर म्हंजी पंढरपूरच्या अंगाला ना?" वारीमुळे आमचा जिल्हा त्यांना पक्का माहीत होता. रात्री नागलीची भाकरी, पिठलं आणि भात. मी डबा उघडून कडक भाकरी दिली. आजोबांनी ती वाजवून पाहिली आणि म्हणाले, "दात असणाऱ्याचं खाणं हाय हे, मामा." मग पिठल्यात बुडवून दोन खाल्ल्या. पैसे विचारले तर आजी गप्प. सकाळी सूनबाईंनी जेवण-मुक्कामाचा आकडा सांगितला, तो मुकाट्याने द्यावा, घासाघीस करू नये. एकट्या माणसासाठीही चूल तेवढीच पेटते.

कुमशेत ते पाचनई हा टप्पा मुळेचं पात्र आणि पेठ्याची वाडी यांतून जातो. शेतांचा, विचारत जायचा, ताण नसलेला. मोबाईलची रेंज भरवशाची नाही, म्हणून भावाकडे वेळापत्रक ठेवलं होतं: अमुक दिवशी रात्रीपर्यंत फोन नाही आला तर दुसऱ्या दिवशी पाचनईच्या घरी फोन करायचा, त्याआधी घाबरायचं नाही. ही दुसरी अट जास्त महत्त्वाची, घरच्यांच्या दृष्टीने.

पाचनईहून हरिश्चंद्रगड सोपा आहे, आणि शनिवार-रविवारी वर जत्रा असते. मी आडवारी गेलो. केदारेश्वराच्या गुहेत चारपैकी एकच खांब उरलाय, हे फोटोत कितीदा पाहिलं तरी पाण्यात उभं राहिल्याशिवाय पटत नाही, आणि डिसेंबरात त्या पाण्यात पाय फार वेळ राहत नाहीत. कोकणकड्यावर बरेच जण इंद्रवज्राची वाट पाहत होते. ते गोलाकार इंद्रधनुष्य कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने इथे पाहिल्याची नोंद आहे. त्याला समोर दरीत धुकं आणि पाठीमागे खाली आलेला सूर्य लागतो. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे सकाळची वेळ. कोरड्या हवेत संध्याकाळी मोबाईल धरून बसण्यात अर्थ नाही, पण हे तिथे कोणाला सांगणार. तारामती (१४२९ मीटर) करून पुन्हा पाचनईलाच मुक्कामाला उतरलो.

शेवटच्या दिवशी परत गड चढून टोलार खिंडीतून खिरेश्वर. पठारावरची ती टेकड्यांची रांग संपता संपत नाही. नवख्याने वाटाड्या घ्यावा, विशेषतः धुक्यात. रेलिंगच्या कातळावर सॅक मागे ओढते, तिथे तोंड कातळाकडे करून उतरलो. खिरेश्वरला समोर पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी. इथे गोदावरीचं खोरं संपलेलं असतं. हे पाणी कुकडी, घोड करत भीमेला आणि मग उजनीला येतं, म्हणजे आमच्याच वाटेवर.

खुबी फाट्यावर एसटीची वाट पाहताना मांड्या तपासल्या. जिना उतरता येईल इतपत शाबूत. डाव्या पायाचा अंगठा काळा पडला, बूट अर्ध्या नंबराने मोठे हवेत. पुढच्या उताराआधी ते बदलणार. अलंग-मदन-कुलंग या तीन अवघड गडांबद्दल विचारणाऱ्यांना: दोराशिवाय आणि एकट्याने नाही, त्यासाठी गट शोधतोय. उन्हाळ्यात सोलापुरात पहाटे पाचनंतर जिनाही नको वाटतो, तेव्हा सराव आतापासून फेब्रुवारीपर्यंतच. इमारतीत लिफ्टची दुरुस्ती निघाली आहे, त्यामुळे हा महिना दोन्ही बाजूंनी पायीच.